चपलांचा जिल्हा

सरांना माझं नाव माहीत होतं का, हे मला आजही छातीठोकपणे सांगता येणार नाही. हजेरी घेताना ते वहीतली नावं वाचत नसत, गावं वाचत. बार्शी, माढा, होटगी, टेंभुर्णी. मी जेऊर. आठवीत वडिलांनी मला सोलापूरच्या वसतिगृहात आणून सोडलं. भूगोलाच्या पहिल्याच तासाला सरांनी विचारलं, कुठली? मी नाव सांगितलं, मग आडनाव सांगायला लागले, तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं. म्हणाले, आडनाव घरी ठेव, गाव सांग. त्या दिवसापासून मी जेऊर झाले. पुढे मी त्याच शाळेत शिक्षिका म्हणून लागले, लग्न झालं, माझी मुलगी दहावी झाली, तरी सरांच्या तोंडी मी जेऊरच राहिले.

त्याच तासाला त्यांनी दुसरा धक्का दिला. सगळ्यांना म्हणाले, एका पायातली चप्पल काढा आणि पटांगणात चला. माझ्या चपला नव्या होत्या, वडिलांनी आदल्या दिवशी नव्या पेठेतून घेऊन दिलेल्या. सरांनी माझी डाव्या पायातली चप्पल उचलली आणि पार लांब, लिंबाच्या झाडाखाली नेऊन ठेवली. मला रडूच फुटलं. मग त्यांनी दुसऱ्याची उचलली, तिसऱ्याची उचलली. झेंड्याच्या काठीची दोरी सोडून ती वाकडीतिकडी टाकली आणि म्हणाले, ही भीमा. आपल्या जेवणाच्या डब्याचं झाकण ठेवलं, हे उजनीचं धरण. एका पायात चप्पल घालून आम्ही लंगडत सभोवती उभे होतो, आणि आमच्यासमोर सोलापूर जिल्हा पसरला होता. करमाळा वर, अक्कलकोट खाली, सांगोला तिकडे डावीकडे. लिंबाखाली एकटी पडलेली माझी चप्पल म्हणजे जेऊर. वसतिगृहात आल्यापासून पहिल्यांदा मला कळलं की घर कुठल्या दिशेला आहे. त्या रात्री मी त्या दिशेला तोंड करून झोपले होते, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

कुणी नकाशात भलत्याच जागी ठामपणे बोट ठेवलं की सर मारत नसत, रागावतही नसत. फक्त म्हणत, "नकाशात चूक चालते, खोटं चालत न्हाय. चुकलेला माणूस इचारत इचारत घरी पोचतो. खोट्या नकाशावरचा पोचत न्हाय." हे वाक्य आमच्या शाळेतून बाहेर पडलेल्या कुठल्याही माणसाला झोपेतून उठवून विचारा, पाठ म्हणून दाखवेल. आम्ही त्याची टिंगलही भरपूर केली. परीक्षेत उत्तर आलं नाही की आम्ही पेपरात लिहायचो, चूक चालते.

सर निवृत्त झाले त्याच वर्षी मी नोकरीला लागले. निवृत्त माणसं नातवंडं खेळवतात, बागेत फिरतात. सर काय करतात ते मला कळलं तेव्हा मी भर रस्त्यात गाडी थांबवली. उरुसाचा दिवस होता. दर्ग्याच्या दाराशी कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढलेले आमचे सर अनवाणी उभे होते आणि आत जाणाऱ्या लोकांच्या चपला ओळीनं लावत होते. सरांच्या घरी कन्नड बोलतात, गळ्यात लिंग आहे, सोमवारी ते पाणीसुद्धा पूजा झाल्याशिवाय पीत नाहीत. मी हबकून बघतच राहिले. मी विचारलं, सर, हे काय? तर म्हणाले की, आज हितं हाय, नाताळला चर्चला असतो, गड्ड्याच्या यात्रेला सिद्धेश्वराच्या देवळात. विहारात आणि गुरुद्वारात पण त्यांचा नंबर लागलेला होता. आत मात्र ते कुठंच जात नसत.

का जात नाही, याचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं. "देवापुढं हात जोडल्यावर माणसाचं अर्धं ध्यान चपलेत असतंय. ते अर्धं ध्यान मी सांभाळतो. म्हंजे देवाला माणूस पुरता मिळतो की."

ते बिल्ला देत नसत, चिठ्ठी देत नसत. सगळं डोक्यात. आणि लावायची रीतही त्यांचीच. माणूस ज्या पेठेत राहतो त्या पेठेत त्याच्या चपला. एक ओळ विजापूर वेशीची, एक जुळे सोलापूरची, एक अशोक चौकाकडच्या विणकरांची, एक होटगी रोडची. आलेल्या माणसाच्या तोंडाकडे आधी बघायचं, मग पायाकडे, आणि पेठ विचारायची. एकदा विचारली की पुन्हा कधीच विचारायची नाही. माणूस बाहेर आला की सर त्याच्या पेठेत जाऊन नेमकी त्याचीच जोडी उचलून आणत. एकदा एकाने दुसऱ्याचे नवेकोरे बूट पायात सरकवले. सर शांतपणे म्हणाले, तुम्ही कुमठा नाक्याचे, हे बूट सात रस्त्याचे, रस्ता चुकलात. तो माणूस इतका खजील झाला की पुढच्या वर्षीपासून सरांच्या मदतीला यायला लागला.

मी त्यांच्या घरी गेले तरी तीच तऱ्हा. काकू, म्हणजे त्यांची बायको, "बा, कुंद्रू" म्हणून बसायला सांगत, चहा आणि शेंगापोळी पुढे करत. तेवढ्यात सर हळूच उठून बाहेर जात. मी निघताना बघावं तर माझ्या चपला ओट्याच्या वायव्य कोपऱ्यात, तोंड रस्त्याकडे करून ठेवलेल्या. जिल्ह्यात जेऊर जिथे आहे तिथे. मी कितीदा म्हटलं असेल, सर, मला लाज वाटते, माझ्या चपलांना हात लावू नका. त्यांनी ते कधी ऐकलं नाही.

गेल्या वर्षी शहरात बंधुत्वाचा दिवस साजरा करायचं ठरलं. सगळ्या धर्मांच्या लोकांनी मिळून समिती केली. वेगवेगळ्या देशांतले पाहुणे येणार, हॉटेलात न राहता लोकांच्या घरी उतरणार, सकाळभर देऊळ, मशीद, चर्च, विहार, गुरुद्वारा असं फिरणार, आणि दुपारी चार वाजता आमच्या शाळेच्या सभागृहात सगळ्यांची मिळून प्रार्थना. समितीचा सचिव आमच्याच वर्गातला होटगी. तो आता वकील आहे, पोट सुटलंय, पण सरांसमोर अजून हात मागे बांधून उभा राहतो. चपलांचं कोण बघणार हा प्रश्न समितीत निघालाच नाही. सरांना सांगायला तेवढी मी गेले.

सर मात्र काळजीत पडले. म्हणाले, ह्या लोकांना पेठ न्हाय, ह्यांचं कुठं लावायचं? मी म्हटलं, त्यात काय, पाहुण्यांची एक वेगळी ओळ करू. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काहीतरी अभद्र बोलले आहे. मग बराच वेळ विचार करून त्यांनी निकाल दिला. पाहुणा ज्या घरी उतरलाय ती त्याची पेठ. विजापूर वेशीत उतरला तर तो विजापूर वेशीचा.

त्यासाठी कोणता पाहुणा कुणाकडे, ही यादी त्यांना पाठ करायची होती. चार दिवस मी शाळा सुटल्यावर त्यांच्याकडे जाऊन यादी वाचत होते. एकदा ऐकलं की ज्यांना वर्षानुवर्षं पुरायचं, ते सर मला म्हणायचे, परत वाच. मी परत वाचायचे. ते म्हणायचे, परत. चौथ्या दिवशी मी वैतागले. घरी पाहुणे होते, मुलीची परीक्षा होती. मी यादी त्यांच्या मांडीवर ठेवली आणि म्हटलं, सर, आता तुम्हीच वाचा. ते यादीकडे बघत बसले. मी तशीच निघून आले. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. पडला नाही.

बंधुत्वाच्या दिवशी सुरुवात झकास झाली. फेब्रुवारीचं ऊन, पटांगणातली शहाबादी फरशी तापलेली, आणि सर अनवाणी या टोकापासून त्या टोकापर्यंत. पाहुण्यांचे जाडजूड बूट, नन्सच्या काळ्या सँडल, विणकर बायकांच्या रबरी चपला, एका आजोबांच्या करकरणाऱ्या कोल्हापुरी. सगळं आपापल्या पेठेत लागत होतं. हजारभर माणूस आत गेलं. आत सोलापुरी चादरी अंथरलेल्या होत्या. एकेकाने आपापल्या भाषेत प्रार्थना म्हटली. कन्नडमधून वचन झालं, उर्दूतून दुआ झाली, एका परदेशी म्हातारीने डोळे मिटून काहीतरी गायलं. शब्द एकही कळला नाही. मग सगळ्यांनी मिळून शांत बसायचं होतं. पाण्याचे जार अजून आले नव्हते, म्हणून मी त्या शांततेत दबक्या पावलांनी बाहेर आले.

पटांगणात पेठा उरल्या नव्हत्या.

झेंड्याच्या काठीची दोरी सोडून फरशीवर वाकडीतिकडी टाकलेली होती. तिच्या दोन्ही बाजूंना एक-एक चप्पल, एक-एक बूट, जोडी कुठेच नाही. सर मधोमध उभे होते आणि त्यांच्या हातात एक काळी सँडल होती. मी जवळ जाऊन विचारलं, सर, काय करायलात?

त्यांनी माझ्याकडे बघितलं. अगदी मायेनं बघितलं, नव्या मुलीकडे बघावं तसं.

"तू कुठली गं?" ते म्हणाले.

माझ्या पायाखालची फरशी भाजत होती, तरी मला थंडी वाजल्यासारखं झालं. पंचवीसहून जास्त वर्षं ज्या माणसाने मला दुसऱ्या कुठल्याही नावाने हाक मारली नाही, तो मला गाव विचारत होता. मी कसंबसं म्हटलं, जेऊर.

"जेऊर वर," ते म्हणाले, आणि ती सँडल नेऊन वरच्या कोपऱ्यात ठेवली.

ठेवून ते सरळ झाले आणि वळले तेव्हा त्यांचा चेहरा बदललेला होता. त्यांनी सगळ्या पटांगणावर नजर फिरवली. आपण काय करून बसलो ते त्यांना त्या क्षणी दिसलं, आणि ते त्यांना दिसताना मी बघितलं. ते बघायला नको होतं असं मला अजून वाटतं.

"डोस्क्यातनं सगळं गेलं गं," ते म्हणाले. "कुणाचं कुठं ठेवलंय, काय सुधरंना. हात रिकामे बसंनात म्हणून हे मांडाय लागलो. कुणाला सांगू नको. पाच मिनिटांत लावतो परत."

पाच मिनिटांत हजार माणसांच्या जोड्या. मी खाली बसले आणि वेड्यासारखी जुळवायला लागले. चार-पाच जोड्या झाल्या असतील, तोच आत घंटा वाजली आणि दारं उघडली.

लोक बाहेर आले आणि पायऱ्यांवरच थबकले. मला वाटलं, आता संपलं. आता कुणीतरी म्हणणार, म्हातारा खुळावला, आणि उद्यापासून सरांना कुठल्याच देवाच्या दारात उभं करणार नाहीत. एवढंच तर त्यांच्याकडे उरलेलं होतं.

गर्दीतून कुणीतरी म्हणालं, अरं, ही भीमा की. दुसरा म्हणाला, मग हे अक्कलकोट. निम्मं शहर सरांच्या हाताखालून गेलेलं. बघता बघता सगळ्यांना आपला जिल्हा दिसायला लागला. होटगी पायऱ्या उतरून धावत खाली आला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. त्याने पाहुण्यांना इंग्रजीतून समजावलं, हा आमचा जिल्हा आहे, आमच्या सरांनी तुमच्या-आमच्या चपलांचा मांडलाय, बघा, इथं कुणाचीही चप्पल आपल्या जोडीदारापाशी नाही, परक्याच्या शेजारी आहे. टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात. मोबाइल वर झाले. ती गाणारी म्हातारी दोन्ही हात जोडून सरांसमोर वाकली.

मग होटगी माझ्याकडे वळला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "जेऊर, तुला आधीपासनं ठावं होतं की?"

सर माझ्याकडे बघत होते.

"व्हय," मी म्हटलं. "चार दिवस तयारी चालली होती."

हे इतकं सहज बाहेर आलं की माझं मलाच नवल वाटलं. सरांच्या खांद्यावर चादर घातली गेली, हार आला, माइक आला. दोन शब्द बोला म्हणाले. सर माइकसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "आपापल्या चपला आपण बघून घ्या." एवढंच बोलून बाजूला झाले. त्यावरही टाळ्या पडल्या. एक मोठे गृहस्थ माझ्याशेजारी पुटपुटले, केवढं खोल बोलले.

पुढचा तासभर जो धिंगाणा झाला तसा शहराने कधी बघितला नसेल. मौलवी साहेब पंढरपुरात वाकून एका ननची सँडल शोधत होते. परदेशी पाहुणे मंगळवेढ्यात बसून विणकर बायकांच्या चपला त्यांच्या पायाला लावून बघत होते. तेलुगू, कन्नड, उर्दू, इंग्रजी, सगळ्यांची खिचडी आणि हसण्याचा नुसता गदारोळ. दिवसभरच्या प्रार्थनांनी झालं नाही ते त्या तासाने केलं. सगळं इतकं सुंदर झालं, हीच तर वाईट गोष्ट होती. सर मात्र भिंतीला टेकून उभे होते. ते गर्दीकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, ते माझे आभार मानतायत.

दुसऱ्या दिवशी तो नकाशा घराघरांतल्या मोबाइलवर पोचला. वर्तमानपत्रात फोटो आला. सर जातील तिथे लोक वाकून नमस्कार करायला लागले. काय डोकं चालवलंत सर, मुद्दाम केलंत ना सर, असं जो तो विचारी, आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच मान डोलवी. मलाही लोक अडवून विचारत आणि मी चार दिवसांची तयारी रंगवून सांगे. त्यात दर वेळी थोडी भर पडे. मी सरांची अब्रू राखते आहे असं मला मनापासून वाटत होतं.

महिन्याभराने होटगीचा फोन आला. दुसऱ्या एका शहरात तसाच मेळावा होता. त्यांना सर हवे होते, नकाशा पुन्हा मांडायला. सरांना हे कसं टाळायला लावावं, याचा विचार करतच मी सकाळी त्यांच्या घरी गेले. काकूंनी दार उघडलं. भिंतीवर तो फोटो चौकट करून लावलेला होता. सर खाली चटईवर बसले होते. मला बघून म्हणाले, ये जेऊर. मला एवढा आनंद झाला की मी चपला कशाबशा ओट्यावर भिरकावून आत गेले.

काकू चहा टाकायला आत गेल्या. सर हळू आवाजात म्हणाले, "एक इचारू? खरं सांग. ते मी मुद्दाम केलं होतं का गं?"

मी म्हटलं, "व्हय सर. मुद्दाम."

त्यांनी मान खाली घातली. ते चटईची काडी सोलत राहिले.

"मग माझं लईच बिघडलं म्हणायचं," ते म्हणाले. "मला चांगलं आठवतंय, तवा मला काय आठवत नव्हतं. सँडल हातात, आणि कुणाची ते कळंना. तुला तसं बोललोबी. पण समदं गाव म्हणायलंय मुद्दाम केलं. त्या दिवशी तूबी तेच म्हणालीस, आताबी तेच म्हणायलीस. म्हंजे हे जे मला आठवतंय, तेबी खोटंच की."

त्या दिवशी भिंतीला टेकून ते माझ्याकडे का बघत होते ते मला आत्ता कळलं. ते घाबरले होते. त्यांचं सगळं पुसत चाललेलं होतं. त्यात एक गोष्ट त्यांना पक्की माहीत होती की आपण विसरलो, आणि तेवढीसुद्धा मी त्यांच्या हातातून काढून घेतली होती. मला वाटत होतं मी अब्रू राखतेय. मी त्यांना खोटा नकाशा दिला होता.

मी म्हटलं, "नाही सर. तुम्ही मुद्दाम नाही केलं. तुम्हाला खरंच काही आठवत नव्हतं. मी खोटं बोलले, त्या दिवशी आणि आत्तापण."

सरांनी डोळे मिटले. मला वाटलं ते रडतील. पण त्यांनी मोठा श्वास सोडला.

"हां," ते म्हणाले. "म्हंजे तेवढं तरी बरोबर हाय माझं."

काकूंनी चहा आणून ठेवला. आम्ही तो प्यायलो. मी उठले तेव्हा सर म्हणाले, होटगीला सांग मी येत न्हाय, आणि का येत न्हाय तेबी सांग. मी मान हलवली. दारापर्यंत गेले तर मागून पुन्हा आवाज आला.

"आणि जेऊर, चपला तुझ्या तू बघून घे."

बाहेर ओट्यावर माझा एकच जोड होता. मी वायव्य कोपऱ्याकडे बघितलं. कोपरा रिकामा होता. चपला मी भिरकावल्या होत्या तिथेच पडल्या होत्या, एक सरळ आणि एक उलटी.